सोन्याच्या खाणीचे काल्पनिक गाव आणि त्याची मॉडेल रेल्वे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'लँटर्न गल्च' हे गाव कोणत्याही नकाशावर सापडणार नाही, कारण ते माझ्या घरातील एका खोलीत, दोन भिंतींच्या कोपऱ्यात वसलेले आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या डोंगराळ भागात १९०१ च्या शरद ऋतूत असे एखादे गाव असू शकले असते, एवढाच त्याचा दावा आहे. ते पाहायला येणारे आणि तसे काही स्वतः उभारू इच्छिणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत.

खरे गाव सोडून काल्पनिक गाव का निवडले?

जागेमुळे. कोलोरॅडोतील क्रिपल क्रीक या सोन्याच्या गावापासून फ्लॉरेन्सपर्यंत जाणारी नॅरोगेज (अरुंद रुळांची) रेल्वे सुमारे ६४ किलोमीटर लांब होती. १:४८ या प्रमाणात ती हुबेहूब करायची म्हटली, तर तेराशे मीटरहून अधिक लांबीचा रूळ अंथरावा लागेल. म्हणजे काटछाट अटळ आहे, आणि खऱ्या गावाची काटछाट केली की 'स्टेशन या बाजूला नव्हते', 'ही इमारत दुमजली होती' अशा चुका जाणकार दाखवू लागतात आणि त्या खऱ्याच असतात. काल्पनिक गावात ही अडचण येत नाही, मात्र त्याच्या मोबदल्यात दुसरी जबाबदारी अंगावर येते.

कोणती जबाबदारी? काल्पनिक गावात तर काहीही चालायला हवे.

चालत नाही. खाणीच्या गावातील प्रत्येक गोष्ट कशामुळे तरी तिथे आलेली असते. खनिज कोठून निघते, कोठे चाळले जाते, कोठे वाघिणीत भरले जाते आणि शेवटी कोणत्या कारखान्यात जाते, हा मार्ग आधी कागदावर काढावा, असा माझा आग्रह असतो. रूळ, रस्ते, इमारती, टाकाऊ दगडांचे ढीग, इतकेच नव्हे तर दारूचे गुत्ते कोठे असतील हेही त्या मार्गावरून ठरते. पुष्कळ जण याच्या उलट करतात : आधी रुळांचे सुंदर वर्तुळ, मग मधल्या मोकळ्या जागेत एक डोंगर आणि डोंगरावर शोभेची खाण. अशा खाणीतून निघालेले खनिज वाघिणीपर्यंत पोहोचण्याचा मार्गच नसतो, आणि पाहणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी काहीतरी खटकत राहते.

कोणता काळ धरावा?

क्रिपल क्रीक परिसरात बॉब वॉमॅक याला १८९० मध्ये सोने सापडले. १८९४ मध्ये तिथे फ्लॉरेन्सहून नॅरोगेज रेल्वे आली, १८९५ मध्ये मिडलंड टर्मिनल कंपनीची स्टँडर्ड गेज (त्याहून रुंद रुळांची) रेल्वे आली आणि १९०१ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जहून तिसरी. १९०० च्या जनगणनेत एकट्या क्रिपल क्रीक गावाची लोकसंख्या दहा हजारांच्या वर होती, आज ती जेमतेम हजार-बाराशे आहे. म्हणून १८९४ ते १९०३ हा दहा वर्षांचा काळ मला सर्वांत समृद्ध वाटतो. त्यानंतर १९०३-०४ चा खाणकामगारांचा रक्तरंजित संप आहे. तो मांडायचा असेल, तर जून १९०४ मध्ये इंडिपेंडन्स स्टेशनवर झालेल्या स्फोटात तेरा माणसे मेली, हे विसरून केवळ नाट्यमय दृश्य म्हणून त्याकडे पाहू नये.

१९०१ हे वर्ष निवडण्यामागे एक लबाडीचे कारणही आहे. जुन्या काळी डबे साखळीसारख्या कडीने आणि खिळीने जोडत, आणि त्यात ब्रेकमन लोकांची बोटे जात. १८९३ च्या अमेरिकी कायद्याने आपोआप जुळणारे कप्लर सक्तीचे केले व त्याची वाढवलेली मुदत १ ऑगस्ट १९०० रोजी संपली. डोंगरातील छोट्या रेल्वे याबाबत रेंगाळल्या, तरी आज बाजारात मिळणारे कप्लर १९०१ च्या गाडीवर निदान लाज न वाटता लावता येतात.

कोणते स्केल आणि कोणते गेज घ्यावे?

कोलोरॅडोतील डोंगरी रेल्वे बहुतांशी तीन फुटी होत्या, म्हणजे त्यांचे गेज (दोन रुळांमधील अंतर) ९१४ मिलिमीटर होते. जनरल विल्यम जॅक्सन पामर याने १८७० मध्ये स्थापन केलेल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँड रेल्वेने हा पायंडा पाडला. हेच गेज १:८७ या एचओ स्केलमध्ये १०.५ मिलिमीटर होते आणि १:४८ या ओ स्केलमध्ये १९ मिलिमीटर. दोन्ही प्रकार अचूक आहेत, पण त्यांची इंजिने कमी मिळतात आणि महागही पडतात.

तिसरा मार्ग 'ओ-एन-३०' हा आहे. यात इमारती, माणसे आणि डबे १:४८ प्रमाणात असतात, परंतु रूळ एचओचाच, म्हणजे १६.५ मिलिमीटरचा असतो. हिशेब केला तर हे गेज खऱ्या मापात ७९२ मिलिमीटर, साधारण अडीच फूट भरते. अर्थात कोलोरॅडोच्या तीन फुटांपेक्षा ते अरुंद आहे. काल्पनिक रेल्वेला ही सवलत मी दिली आणि मला तिचा पश्चात्ताप नाही. या प्रमाणात माणूस साडेतीन सेंटिमीटरहून किंचित उंच असतो, त्यामुळे खाणकामगाराच्या हातातील कंदीलसुद्धा दिसतो. चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना एचओमधील दोन सेंटिमीटरची माणसे रंगवणे किती कठीण जाते, हे अनुभवानेच कळते. जागा फारच थोडी असेल, तर एचओचे घर आणि एन गेजचा ९ मिलिमीटर रूळ अशी जोडीही चांगली जमते.

किती जागा लागेल?

आठ फूट बाय चार फूट प्लायवूडचा एक पत्रा सुताराकडून लांबीत मधोमध कापून घ्यावा. दोन फूट रुंदीच्या त्या दोन पट्ट्या खोलीच्या कोपऱ्यात काटकोनात जोडल्या की माझ्या मांडणीएवढी जागा तयार होते. दोन फुटांपेक्षा रुंद फळी टाळावी, कारण भिंतीकडच्या टोकाशी घसरलेले इंजिन उचलताना पुढची घरे कोपराने पाडली जातात. फळीची उंची जमिनीपासून सुमारे १२० सेंटिमीटर ठेवली, तर पाहणारा रस्त्यावर उभा असल्यासारखा गावाकडे पाहतो. टेबलाच्या उंचीवर ठेवलेले गाव विमानातून पाहिल्यासारखे दिसते, आणि १९०१ मध्ये विमान नव्हते.

एका पट्टीवर गाव, स्टेशन व इंजिनाची शेड, आणि दुसऱ्या पट्टीवर खाण अशी माझी विभागणी आहे. कोपऱ्यात ४६ सेंटिमीटर, म्हणजे अठरा इंच त्रिज्येचे वळण सहज बसते आणि लहान नॅरोगेज इंजिने त्यावरून तक्रार न करता जातात. गावाच्या मागे, टेकडीआड, एक लपलेला रूळ आहे. तो म्हणजे 'बाहेरचे जग' : खाली मैदानातील कारखाने, कोळसा, बाजार. गाडीला कोठून तरी यावे आणि कोठे तरी जावे लागते, म्हणून हा रूळ आराखड्यातून कधीही वगळू नये.

चढ किती ठेवावा?

कोलोरॅडोतील मार्शल पासवर नॅरोगेजचा चढ चार टक्के होता, म्हणजे शंभर सेंटिमीटरला चार सेंटिमीटर. आपणही तेवढ्यावरच थांबावे. वळणावर चढ असेल तर साडेतीन टक्के पुरे, कारण वळण स्वतःच गाडीला मागे ओढते. एका रुळावरून दुसरा नेण्याचा मोह आवरावा, असे सुचवेन. एचओमध्ये त्यासाठी सुमारे साडेसात सेंटिमीटर उंची लागते, आणि चार टक्क्यांनी तेवढे वर जायला जवळजवळ एकशे नव्वद सेंटिमीटर लांबी खर्च होते. १:४८ मध्ये उंचीही वाढते आणि लांबीही.

त्याऐवजी झिगझॅग करावा. गाडी चढत एका टोकाला जाते, सांधा बदलतो आणि तीच गाडी उलट दिशेने पुढचा टप्पा चढते. भोर घाटात खंडाळ्याजवळ १८६३ पासून १९२९ पर्यंत हेच 'रिव्हर्सिंग स्टेशन' होते, त्यामुळे मराठी पाहुण्यांना ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. पथ्य एकच : टोकाच्या रुळाची लांबी गाडीची लांबी ठरवते. इंजिन आणि वाघिणी प्रत्यक्ष ठेवून मोजावे आणि मगच खिळे ठोकावेत. मी कागदावर मोजले होते, म्हणून माझ्या टोकाच्या रुळावर तीनऐवजी दोनच वाघिणी मावतात.

खाणीच्या जागी नेमके काय काय दाखवावे?

सर्वांत वर शाफ्टच्या, म्हणजे खाणीत सरळ खाली उतरणाऱ्या विहिरीच्या, तोंडावर उभा लाकडी मनोरा असतो, ज्याच्या माथ्यावरील मोठ्या चाकावरून पोलादी दोर खाली उतरतो. त्या दोराचे दुसरे टोक जवळच्या इंजिनघरातील वाफेच्या रहाटाला गुंडाळलेले असते. मनोरा आणि रहाट यांच्यामधील दोर तिरका व ताणलेला हवा, आणि मनोऱ्याचे तिरके टेकू रहाटाच्याच बाजूला हवेत, कारण ओढ त्या दिशेची असते. टेकू विरुद्ध बाजूला लावलेले कित्येक मनोरे मी पाहिले आहेत. प्रत्यक्षात ते पहिल्याच दिवशी रहाटावर कोसळले असते.

शेजारी बॉयलर, त्याची चिमणी आणि कोळशाचा ढीग. मग लोहारशाळा, कारण दगड फोडणारी पहारीसारखी छिन्नी रोज धार लावून घ्यावी लागे. छपराखाली रचलेले लाकडी ओंडके, जे खाली बोगद्यांना टेकू देण्यासाठी जातात. डायनामाइटचे कोठार मात्र वस्तीपासून दूर, टेकडीच्या आड आणि एकटे.

त्याखाली खनिज निवडण्याचे घर. इथे माणसे टेबलापाशी उभी राहून श्रीमंत दगड आणि फुकट दगड हाताने वेगळे करत. चांगले खनिज खालच्या लाकडी कोठारात पडे आणि त्याच्या तिरक्या घसरगुंडीतून थेट वाघिणीत. फुकट दगड छोट्या ढकलगाड्यांतून एका उंच लाकडी घोडीवरून (टेकूंवर उभ्या पुलावरून) बाहेर टाकत, म्हणून खाणीखाली पंख्यासारखा पसरलेला ढीग तयार होई. या ढिगाचा उतार सुमारे ३५ ते ३७ अंशांचा असतो, कारण सुटा दगड त्यापेक्षा उभा राहत नाही. हा ढीग पुठ्ठ्यावर कोरू नका. बारीक खडी वरून खरोखर ओता, ती आपला उतार स्वतः घेईल. संपूर्ण मांडणीत मला सर्वांत जास्त आनंद या पाच मिनिटांच्या कामाने दिला.

सोन्याची खाण म्हणजे स्टँप मिल हवीच ना?

येथेच बहुतेक जण फसतात. स्टँप मिलमध्ये जड लोखंडी मुसळे खनिजाचा चुरा करतात आणि पाऱ्याच्या थरावर सुटे सोने अडकते. दगडात सोने मोकळ्या कणांच्या रूपात असेल तरच हे जमते. क्रिपल क्रीकचे सोने मुख्यतः टेल्युरियमशी संयोग पावलेले होते. कॅलाव्हेराइट व सिल्व्हेनाइट ही त्याची खनिजे पाऱ्याला दाद देत नसत. म्हणून तेथील खनिज रेल्वेने खाली फ्लॉरेन्स आणि कोलोरॅडो सिटी येथील मोठ्या कारखान्यांत जाई, जेथे क्लोरीनची आणि पुढे सायनाइडची प्रक्रिया वापरीत. ही सायनाइड प्रक्रिया ग्लासगोत मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी १८८७ मध्ये शोधून काढली होती.

मॉडेल रेल्वेच्या दृष्टीने ही बातमी उत्तम आहे. गावात कारखाना असता, तर खनिज डोंगरातून डोंगरातच राहिले असते. कारखाना दूर असल्यामुळेच रोज भरलेल्या वाघिणी खाली जातात आणि रिकाम्या वर येतात, म्हणजे रेल्वेला काम मिळते. लँटर्न गल्चमध्ये मी एक स्टँप मिल ठेवली आहे, पण बंद पडलेली. पृष्ठभागाजवळच्या, हवापाण्याने सडलेल्या खनिजात सोने मोकळे होते, ते संपले आणि मिल थांबली. तिचे पत्रे गंजलेले आहेत, खिडक्या फुटलेल्या आहेत आणि तिच्या साइडिंगच्या (मुख्य मार्गाच्या बाजूला काढलेल्या) रुळांमध्ये गवत उगवलेले आहे. मिल डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी बांधावी, कारण माल वरून आत जाई आणि गुरुत्वाकर्षणाने टप्प्याटप्प्याने खाली येई. मिलमधून निघालेला गाळ मात्र दगडांच्या ढिगासारखा नसतो. तो फिकट, पिठासारखा बारीक असतो आणि ओढ्याच्या काठी सपाट थरांत साचतो.

मग गाडीतून सोने नेतच नाहीत का?

या गावातून तरी नाही. वाघिणीत करडा, निस्तेज दगड असतो आणि त्यात सोने डोळ्यांना दिसत नाही. वाघिणींना सोनेरी चमक लावू नये, ही हात जोडून विनंती. वर येणाऱ्या गाडीत कोळसा, लाकूड, यंत्रांचे भाग, डायनामाइट, पीठ, गवत आणि बिअरची पिंपे असतात. हीच विविधता गाडी चालवण्यात रंगत आणते : प्रत्येक वाघिणीसाठी एक चिठ्ठी करावी, तिच्यावर माल आणि ठिकाण लिहावे, आणि सांधे बदलत ती योग्य साइडिंगला पोहोचवावी. सोने गावातून बाहेर जाई ते कामगारांच्या जेवणाच्या डब्यांतही. श्रीमंत खनिजाचे तुकडे चोरून नेण्याला तिकडे 'हायग्रेडिंग' म्हणत, आणि ते विकत घेणारे, वरवर खनिज तपासणारे छोटे दुकानदार गावात असत. माझ्या एका गल्लीत अशी तीन तपासणी-दुकाने लागून आहेत. पाहुणे त्यांना विनोद समजतात.

इमारती लाकडी असाव्यात की विटांच्या?

दोन्ही, आणि एकमेकींना चिकटून. एप्रिल १८९६ मध्ये चार दिवसांच्या अंतराने लागलेल्या दोन आगींत क्रिपल क्रीकचा मोठा भाग जळाला आणि मुख्य रस्ता विटांनी पुन्हा बांधला गेला. म्हणून १९०१ च्या गावात मुख्य रस्त्यावर विटांच्या दुमजली इमारती, तर मागच्या गल्ल्यांत फळ्यांची, पुढे खोटी उंच भिंत लावलेली दुकाने शोभतात. विजेचे खांबही निःसंकोच लावावेत. टेल्युराइड या गावाजवळच्या एका खाणीत १८९१ मध्येच एम्स येथील जलविद्युत केंद्रातून वीज आली होती, आणि क्रिपल क्रीक परिसरात १८९८ पासून विजेची ट्राम धावत होती. फळ्यांसाठी आइसक्रीमच्या काड्या आणि खांबांसाठी उदबत्तीच्या काड्या पुरतात. शाईच्या पाण्यात बुडवून वाळवल्या की त्या ऊनपावसाने करड्या पडल्यासारख्या दिसतात.

डोंगर आणि माती कशी करावी?

फोमच्या थरांवर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये भिजवलेले गॉज पसरावे. रंगाबाबत सावध राहावे : तिथल्या पाइक्स पीक शिखराच्या परिसरातील ग्रॅनाइट गुलाबीसर आहे आणि क्रिपल क्रीकच्या टेकड्या एका मृत ज्वालामुखीच्या गोलसर, गवताळ टेकड्या आहेत, सह्याद्रीसारखे उभे काळे कडे नव्हेत. उंच सुळके हवे असतील, तर गाव सॅन हुआन डोंगररांगेत, सिल्व्हर्टनच्या बाजूला आहे असे धरावे.

माती घरची, चाळलेली वापरता येते, पण आधी तिच्यातून लोहचुंबक फिरवावा. दख्खनच्या काळ्या दगडापासून झालेल्या मातीत मॅग्नेटाइटचे कण असतात. पहिल्या प्रयत्नात मी ही काळजी घेतली नाही आणि महिन्याभरात दोन इंजिनांच्या मोटारींना काळी मिशी फुटली. चुंबकातून सुटलेली मातीही फार काळपट दिसते, म्हणून ती फिकट वाळूत मिसळावी. पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकला की ते मातीत नीट मुरते. रुळाखाली स्वच्छ करडी खडी नको. अशा गरीब रेल्वेचे स्लीपर माती आणि इंजिनाच्या राखेत अर्धे बुडालेले असत.

झाडे किती लावावीत?

कमी. खाणींनी टेकू आणि सरपणासाठी भोवतालचे डोंगर बोडके केले होते, तेव्हा झाडांपेक्षा बुंधे जास्त हवेत. ओढ्याकाठी आणि खाणींनी सोडून दिलेल्या घळीत थोडे ॲस्पेन वृक्ष उरू द्यावेत. सप्टेंबरअखेर ते पिवळेधमक होतात, आणि माझ्या गावातले एकमेव सोनेरी काही असेल तर तेच.

दमट हवेचा त्रास होतो का?

मुंबई आणि कोकणात होतो. साधे प्लायवूड पावसाळ्यात फुगते व रूळ वाकतो, त्यामुळे मरीन प्लाय घ्यावे आणि त्याच्या कडाही रंगवाव्यात. रूळ निकेल सिल्व्हरचेच असावेत आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत.

डीसीसी (प्रत्येक इंजिनाला वेगळी आज्ञा देणारी डिजिटल नियंत्रण पद्धत) आवश्यक आहे का?

एकच इंजिन असेल तर नाही. दोन इंजिने एकाच रुळावर स्वतंत्रपणे चालवायची असतील, किंवा चढावर धापा टाकणाऱ्या इंजिनाचा आवाज हवा असेल, तर डीसीसी घ्यावे. आवाजाचा मोह मलाही आवरला नाही.

आपल्याकडचे कोलार का नाही केले?

प्रश्न योग्य आहे, आणि कोणी तरी ते करावे असे मला मनापासून वाटते. कर्नाटकातील कोलारमध्ये १८८० पासून जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने सोन्याच्या खाणी चालवल्या, १९०२ मध्ये शिवनसमुद्रहून वीज आली, खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या आणि २००१ मध्ये बंद झाल्या. सायनाइडच्या गाळाच्या टेकड्या आजही तेथे उभ्या आहेत. पण तेथे खनिजावरची प्रक्रिया जागेवरच होई, म्हणून बंगारपेट-मारिकुप्पम रेल्वेने खनिज बाहेर जात नसे. शिवाय ती ब्रॉडगेज आहे. १:८७ मध्ये आपले ब्रॉडगेज १९ मिलिमीटरहून थोडे अधिक भरते आणि तसा तयार रूळ सहसा मिळत नाही. माणसांची, वसाहतीची आणि गाळाच्या टेकड्यांची गोष्ट सांगायची असेल, तर कोलार. वाघिणी हलवायच्या असतील, तर कोलोरॅडो.

प्रत्यक्ष पाहून शिकण्यासारखे जवळ काही आहे का?

नेरळ-माथेरान. ती दोन फुटी आहे, १९०७ ची आहे आणि तिचा चढ वीसास एक, म्हणजे पाच टक्के आहे. डोंगराला चिकटून जाणारा रूळ कसा वळतो, पाण्यासाठी मोरी कोठे ठेवतात, दगडी भिंत कोठे लागते, हे तिथे चालत पाहावे. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. मांडणी जिवंत कशी ठेवतात, हे तिथे कळते.

हे सगळे पूर्ण व्हायला किती काळ लागला?

अजून झालेले नाही. मनोऱ्याचा दोर लावायचा आहे, आणि तपासणी-दुकानांसमोर दोन गाढवे उभी करायची आहेत. क्रिपल क्रीकच्या रस्त्यांवर आजही गाढवे मोकळी फिरतात, म्हणून त्यांच्याशिवाय गाव उघडे वाटते.